ओल्या हिवाळ्यात फळबाग आणि मधपेट्या : या चुका टाळा

थंडी आणि पाऊस हातात हात घालून येतात अशा हिवाळ्यात लहानशी फळबाग आणि चार-सहा मधपेट्या सांभाळणाऱ्यांची तक्रार दरवर्षी ठरलेली असते : थंडीने माश्या मेल्या, थंडीने झाडे गेली. पेटी उघडून पाहिली किंवा झाड उपटून पाहिले, की थंडीचा दोष त्यात फार थोडा निघतो. निरोगी आणि पोटभर मध साठवलेली वसाहत कोरड्या थंडीत गोठणबिंदूच्या बरेच खाली गेलेले तापमानही निभावून नेते, आणि सफरचंद, पेअर, प्लम यांसारख्या पानगळीच्या झाडांना तर पुरेशी थंडी मिळाल्याशिवाय नीट बहरच येत नाही. नुकसान करते ते पाणी, ज्याला पेटीतून किंवा मुळांजवळून बाहेर पडायला वाट ठेवलेली नसते. खाली ज्या चुका लिहिल्या आहेत त्यांतल्या बहुतेक याच एका दुर्लक्षातून होतात आणि त्या पुन्हा पुन्हा पाहून कंटाळा आला म्हणून हे लिहीत आहे. सगळ्याच चुका सारख्या महाग पडत नाहीत, त्यामुळे सगळ्यांना सारखी जागाही दिलेली नाही.

पेटी प्लास्टिकमध्ये गुंडाळणे

नवीन मधपाळ पहिल्या गारठ्याच्या रात्री हमखास करतो ते काम म्हणजे पेटीला चारही बाजूंनी प्लास्टिकचा कागद लपेटणे, फटींत फोम कोंबणे आणि प्रवेशद्वार दोन बोटांएवढे ठेवून निर्धास्त होणे. हेतू चांगला असतो, पण पेटीत काय चालले आहे याची कल्पना नसते.

तापमान साधारण १४ अंश सेल्सिअसच्या खाली उतरू लागले की माश्या पोळ्यांच्या चौकटींच्या मध्यावर एकमेकींना बिलगून पुंजका करतात. बाहेरच्या थरातल्या माश्या दाटीने बसून आवरण होतात, आतल्या माश्या मध खातात आणि पंखांचे स्नायू पंख न हलवता थरथरवून उष्णता तयार करतात. पिलावा, म्हणजे अंडी, अळ्या आणि कोष, असेल तर पुंजक्याच्या गाभ्यात ३४ ते ३५ अंश तापमान राखले जाते. म्हणजे माश्या स्वतःपुरती ऊब स्वतःच करतात, त्या संपूर्ण पेटी तापवत नाहीत आणि त्यांना तशी गरजही नसते. या उष्णतेचे इंधन मध आहे आणि मध जळला की त्यातून पाणी निघते, हा भाग बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही. एक किलो मधात मुळातच १७० ते १८० ग्रॅम पाणी असते आणि उरलेल्या साखरेचे शरीरात ज्वलन होताना आणखी जवळजवळ अर्धा किलो पाणी तयार होते. हिशेब करून पाहावा : वसाहतीने दहा किलो मध खाल्ला, तर साडेसहा लिटरांहून अधिक पाणी वाफेच्या रूपाने त्या बंद पेटीत सोडले जाते. ही वाफ वर चढते, थंडगार झाकणाला लागते आणि उकळत्या भांड्यावरच्या झाकणाला आतून सुटते तशी पाझरून थेंबाथेंबाने खाली येते. खाली नेमका पुंजका असतो. कोरडी माशी थंडीला पुरून उरते. भिजलेली माशी मात्र स्वतःला तापवू शकत नाही.

परिचयातल्या एका गृहस्थांनी असेच केले होते. शरद ऋतूच्या शेवटी त्यांच्या दोन्ही पेट्या माश्यांनी गच्च भरलेल्या होत्या. त्यांनी पहिली पेटी जाड प्लास्टिकमध्ये, चिकटपट्ट्या लावून, अगदी पार्सल पाठवायचे असावे इतक्या निगुतीने बांधली. दुसऱ्या पेटीपर्यंत कागद पुरला नाही, म्हणून तिच्या आतल्या झाकणावर जुन्या पोत्याचे दोन तुकडे टाकून वरून पत्रा ठेवून दिला आणि कागद आणल्यावर ती बांधू असे ठरवले. तो कागद कधी आला नाही. पाऊस मात्र आठवडे न आठवडे चालू राहिला. हिवाळ्याच्या उत्तरार्धात त्यांचा निरोप आला की बांधलेली पेटी थंडीने गेली, येऊन पाहा.

कागद फाडून झाकण उचलायला गेलो तर लाकूड फुगून बसले होते. पटाशी घालूनच ते सुटले. झाकणाच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब ओळीने लटकत होते. कडेच्या चौकटींवर राखाडी-हिरवी बुरशी चढलेली होती, तिच्याखाली टोपणे घातलेला मध जसाच्या तसा भरलेला होता. मधल्या चौकटींवर पुंजका जागच्या जागी होता, पंख अंगाला चिकटलेल्या, बोटाने ढकलल्या तर एकत्रच सरकणाऱ्या ओल्या माश्यांचा. तळपाटावर मेलेल्या माश्यांचा थर इतका साचला होता की आधीच लहान केलेले प्रवेशद्वार आतून बुजले होते, आणि आंबूस वास हात धुतल्यावरही जात नव्हता. शेजारच्या पोत्याच्या पेटीला कान लावला, तर आत व्यवस्थित गुणगुण चालू होती. त्या गृहस्थांनी यावरून काढलेला निष्कर्ष असा, की दुसऱ्या पेटीतल्या माश्या जातिवंत असाव्यात. पुढच्या वर्षी त्या जातिवंत माश्यांनाही प्लास्टिक बांधायचा त्यांचा बेत होता. तो मोडून काढायला मला बराच वेळ वाद घालावा लागला.

माझी पद्धत साधी आहे आणि ती कोणत्याही पुस्तकी नियमापेक्षा सवयीतून आलेली आहे. पेटीच्या मापाची आठ-दहा सेंटिमीटर उंचीची एक लाकडी चौकट करतो, तिच्या तळाला गोणपाट ठोकतो आणि आत सुताराकडच्या रंध्याचा कोरडा लाकडी भुसा सैलसर भरतो. ही चौकट पिलाव्याच्या कोठीवर, म्हणजे पिलावा वाढतो त्या खोक्यावर, बसते आणि तिच्यावर बाहेरचे झाकण येते. झाकणाच्या कडेला दोन लहान भोके असतात, जाळी लावलेली. वाफ गोणपाटातून वर येते, भुशात मुरते आणि हळूहळू भोकांवाटे निघून जाते; वरचा भुसा कधी ओला लागतो, पण खालचा कोरडा राहतो. फार ओला झाला तर बदलायला दोन मिनिटे पुरतात आणि त्यासाठी माश्यांना हात लावावा लागत नाही. पेटीच्या मागच्या पायांखाली लाकडाची पातळ पट्टी सरकवतो, म्हणजे पेटी किंचित पुढे झुकते आणि आत आलेले पाणी तळपाटावर न साचता दाराकडून ओघळून जाते. आणि वाकवलेली तार खिशात ठेवतो : आठवड्यातून एकदा दारातून ती फिरवली की मेलेल्या माश्या बाहेर येतात आणि हवेची वाट मोकळी राहते.

वरची भोके नकोत, फक्त झाकणावर भरपूर आच्छादन द्यावे, असे मानणारेही अनुभवी मधपाळ आहेत आणि त्यांच्या पेट्याही जगतात. त्याचे कारण असे, की दोन्ही पद्धतींत पुंजक्याच्या डोक्यावर थंड पृष्ठभाग उरत नाही. या दोघांच्या भांडणात नवशिक्याने पडू नये. पातळ थंड झाकण आणि चारही बाजूंनी बंद पेटी, एवढी एक जोडी मात्र कोणाच्याच पद्धतीत बसत नाही.

पेटीची जागा

पेटी झाडाखाली ठेवली की पाऊस थांबल्यावरही तासन्‌तास फांद्यांचे पाणी तिच्यावर ठिबकत राहते. बागेच्या सर्वांत खोल कोपऱ्यात ठेवली की रात्रीची जड, थंड, दमट हवा तिथेच उतरून बसते. हिवाळी सकाळचे ऊन जिथे प्रथम पोचते, मागून वाऱ्याला आडोसा आहे आणि पेटी जमिनीपासून ३० ते ४५ सेंटिमीटर उंच घोडीवर आहे, अशी जागा उन्हाळ्यातच हेरून ठेवावी. भर हिवाळ्यात पेटी हलवून पुंजका मोडण्याचा उद्योग करू नये.

अन्नाचा अंदाज डोळ्यांनी घेणे

"मध भरपूर दिसला होता" हे वाक्य मेलेल्या वसाहतीशेजारी उभे राहून फार वेळा ऐकले आहे. दिसला होता तो शरदात, आणि वसाहती उपाशी मरतात त्या हिवाळ्याच्या शेवटी, जेव्हा दिवस मोठे होऊ लागतात, राणी पुन्हा अंडी घालू लागते, पिलाव्याला ऊब देण्यासाठी मध झपाट्याने उडतो आणि बाहेर पावसामुळे एकही फूल हाती लागत नाही. झाकण न उघडता पेटी मागून दोन बोटे उचलून पाहावी; हाताला वजनाची सवय होते. सवय नसेल तर सामान तोलायचा लटकता काटा मागच्या कडेला अडकवून वजन वहीत लिहावे, म्हणजे पुढच्या वेळी आठवणीवर विसंबावे लागणार नाही.

पेटी हलकी लागली तर पातळ पाक देण्याचा मोह आवरावा. पाकातले पाणी आटवण्याचे काम माश्यांवर पडते आणि पेटीतला ओलावा वाढतो तो वेगळाच. दोन भाग साखर आणि एक भाग पाणी असा घट्ट पाक देण्याची वेळ शरदातच संपलेली असते. हिवाळ्यात साखरेची घट्ट वडी किंवा कागदावर पसरून किंचित ओलसर केलेली पांढरी साखर थेट पुंजक्याच्या डोक्यावर, चौकटींच्या वर ठेवावी. दोन चौकटी बाजूला ठेवली तर कडक थंडीत माश्या तिथपर्यंत जात नाहीत आणि साखरेपासून चार बोटांवर उपाशी मरतात. गूळ किंवा तपकिरी साखर कधीही देऊ नये, कारण त्यातले न पचणारे घटक आत कोंडलेल्या माश्यांना हगवण लावतात. कुठला तरी विकतचा मध तर मुळीच देऊ नये, कारण त्यातून पिलावा कुजवणाऱ्या रोगाचे बीजाणू येऊ शकतात. आणि हे सगळे करण्याची पाळी का येते, याचाही विचार व्हावा. शेवटच्या हंगामात आणखी एक बरणी भरावी म्हणून माश्यांच्या तोंडचा मध काढणारा माणूस तीन महिन्यांनी साखर घेऊन धावतो, यात मधपालन कमी आणि हाव जास्त आहे.

राणीरोधक जाळी विसरणे

ही चूक एका ओळीत सांगता येते आणि तरीही दरवर्षी होते. पिलाव्याची कोठी आणि मधाची कोठी यांच्यामध्ये उन्हाळ्यात घातलेली जाळी तशीच राहिली, तर पुंजका मध खात वर सरकतो, कामकरी माश्या जाळीतून निघून जातात आणि राणी खाली एकटी गारठून मरते. वसंतात पेटीत माश्या दिसतात, अंडी मात्र नसतात. शेवटचा मध काढला की त्याच दिवशी जाळी उचलून फडताळात ठेवावी.

उत्सुकतेपोटी पेटी उघडणे

माश्यांनी शरदात सगळ्या फटी राळेने लिंपून घेतलेल्या असतात. दर रविवारी "जरा बघू" म्हणून झाकण उचलणारा माणूस ते लिंपण फोडतो आणि पुंजका विस्कटतो. पिलावा असेल तर तोही गारठतो. पेटी न उघडता जेवढे कळते तेवढे हिवाळ्यात पुरेसे असते. कान पेटीच्या भिंतीला लावून बोटाच्या पेराने एक टिचकी मारावी : निरोगी वसाहत एकदम गुंईं करते आणि लगेच शांत होते, आवाज रेंगाळत, रडवा येत राहिला तर राणी नसल्याची शंका घ्यावी आणि काहीच आला नाही तर मग उघडावी. तळाशी सरकती फळी असेल तर ती ओढून पाहावी. मेणाच्या भुग्याच्या समांतर रेघा तिच्यावर उमटलेल्या असतात, त्यांवरून पुंजका किती चौकटींवर आहे आणि कोणत्या बाजूला सरकतो आहे हे समजते. पेटीच्या दर्शनी बाजूवर पिवळसर-तपकिरी ओघळ दिसले तर पोट बिघडले आहे असे समजावे. माश्या थंडीत विष्ठा रोखून धरतात आणि १० ते १२ अंशांच्या वर ऊन पडले की बाहेर येऊन मोकळ्या होतात. पावसाने त्यांना आठवडे न आठवडे बाहेरच पडू दिले नाही, तर हे ओघळ दिसू लागतात. त्यावर पेटी उघडून काहीही साधत नाही. ओलावा कमी करावा आणि स्वच्छ दिवसाची वाट पाहावी. वाट पाहणे हे नवशिक्यांना सर्वांत जड जाणारे काम आहे, हे मला ठाऊक आहे.

व्हॅरोआ या माश्यांवर जगणाऱ्या बारीक परजीवी कोळ्याबद्दलही थोडे लिहायला हवे. उन्हाळ्यातली कामकरी माशी साधारण सहा आठवडे जगते, तर शरदात जन्मलेली हिवाळी माशी कित्येक महिने जगून वसाहत वसंतापर्यंत पोचवते. या हिवाळी माश्याच जर अळी असताना कोळ्याने पोखरल्या असतील, तर हिवाळ्यात कितीही ऊब आणि साखर दिली तरी त्या अकाली मरतात. म्हणून मुख्य उपचार शरदापूर्वीच उरकावा. पिलावा नसलेल्या थंड दिवसांत ऑक्झॅलिक आम्लाचा उपचार परिणामकारक ठरतो, कारण त्या वेळी कोळ्यांना लपायला पोळ्यात टोपण घातलेली पिलाव्याची घरे नसतात. मात्र तो उपचार म्हणजे पुरवणी आहे, आणि हातमोजे, चष्मा व मुखवटा न घालता त्या आम्लाच्या जवळही जाऊ नये.

उन्हाळ्याची आळी हिवाळ्यात तशीच ठेवणे

आता झाडांकडे वळू. उन्हाळ्यात पाणी जिरावे म्हणून खोडाभोवती केलेले आळे ओल्या हिवाळ्यात झाडाचा घात करते, ही गोष्ट इतकी उघड आहे की ती लिहिताना संकोच वाटतो. तरीही निम्म्या बागांत ती दिसते. त्याहून वाईट प्रकार म्हणजे चिकण जमिनीत खोल खड्डा खणून तो शेणखत आणि भुसभुशीत मातीने भरणे. झाड लावताना याला लाड म्हणतात. आजूबाजूची घट्ट माती पाणी पुढे जाऊ देत नाही, भुसभुशीत खड्डा ते शोषून घेतो, आणि सगळ्या बाजूंचे पाणी पाझरत येऊन त्या लाडक्या खड्ड्यात मुक्काम करते.

एका बागेत चेरीची झाडे अशीच लावलेली होती. पहिल्या उन्हाळ्यात वाढ इतकी जोमदार झाली की मालक येणाऱ्या-जाणाऱ्याला खड्ड्यांची मापे सांगत असत. नंतरचा हिवाळा पावसाचा गेला. वसंतात कळ्या फुगल्या, काही झाडांवर पानेही आली, आणि मग एकेक झाड माना टाकू लागले. मालकांनी प्रथम बुरशीनाशक ओतले, मग खत दिले, आणि पाने कोमेजलेली दिसत असल्यामुळे शेवटी भरपूर पाणी दिले. यांतल्या शेवटच्या उपायाने उरलीसुरली आशाही संपवली. एका झाडाच्या कडेने आम्ही खणले, तेव्हा कुदळीच्या दोन वितींवर माती निळसर-करडी झाली आणि कुजक्या अंड्यासारखा वास आला. खणलेल्या भोकात बाजूंनी पाणी झिरपत येऊन आमच्या डोळ्यांदेखत साचू लागले. बारीक मूळ चिमटीत धरून ओढले, की त्याची साल मोज्यासारखी निघून येई आणि हातात आतला दोरा तेवढा राही. बुंध्याची साल मातीलगत नखाने खरवडली, तर खाली हिरवटपणाऐवजी तांबूस-तपकिरी पट्टा होता आणि त्याला स्पष्ट कड होती.

झोपलेल्या झाडाच्या मुळांना प्राणवायू कमी लागतो, म्हणून भर हिवाळ्यात पाणी साचले तरी वरून काही दिसत नाही. वसंताची चाहूल लागली की मुळांची गरज वाढते, आणि नेमक्या त्या वेळी माती पाण्याने भरलेली असली तर ती गुदमरतात. शिवाय फायटोप्थोरासारख्या मूळकुजीच्या रोगकारकांचे बीजाणू पाण्यात पोहत मुळांपर्यंत जातात. साचलेले पाणी त्यांना रस्ता करून देते. म्हणून झाड मरताना वसंतात दिसते, पण त्याचा निकाल हिवाळ्यात लागलेला असतो. औषधांच्या बाटल्या ओतून तो बदलत नाही.

लावणीआधी ओल्या दिवसांत हातभर खोल खड्डा खणून पाण्याने भरावा, ते जिरले की पुन्हा भरावा, आणि दुसऱ्या दिवशी जाऊन पाहावे. पाणी अजून उभे असेल तर तिथे खड्ड्यात झाड लावूच नये. २० ते ३० सेंटिमीटर उंचीचा रुंद उंचवटा करून त्यावर लावावे, खड्डा भरायला त्याच जागची माती वापरावी आणि खत वरून पसरावे. लावून झालेल्या बागेत पाऊस सुरू होण्यापूर्वी प्रत्येक आळ्याची उताराकडची कड फोडावी, खोडाकडे मातीची हलकी भर द्यावी आणि वरच्या अंगाने येणारे पाणी वळवणारा एक चर काढावा. भर देताना कलमाचा सांधा मातीखाली जाता कामा नये, नाहीतर वरच्या जातीला स्वतःची मुळे फुटतात आणि निवडलेल्या खुंटाचा उपयोग संपतो. ओली जमीन मुळीच सुधारत नसेल तर चेरी आणि पीचचा हट्ट सोडून पेअर लावावे. ओल्या पायांना ते या सर्वांत जास्त सोसते.

वाफसा नसताना बागेत वावरणे

ओल्या मातीवर ढकलगाडी, ट्रॅक्टर किंवा नुसती रोजची पायपीट झाली तरी मातीतल्या पोकळ्या दबतात आणि पुढच्या पावसाचे पाणी वरच राहते. मूठभर माती दाबून पाहावी. बोटांना चिकटून तिचा गोळा गुळगुळीत होत असेल तर घरी परतावे. मधपेट्यांकडे जाणारी पायवाट हमखास झाडांच्या ओळीतूनच जाते आणि हिवाळ्याच्या मध्यावर तिची नाली होते, तेव्हा तिथे आधीच जुन्या फळ्या टाकून ठेवाव्यात.

पावसात छाटणी

सुट्टी रविवारी आहे म्हणून छाटणी रविवारी, मग पाऊस असो वा नसो, ही वृत्ती झाडांना भोवते. सफरचंदावरचा कँकर हा सालीचा बुरशीजन्य रोग ओल्या जखमांतून शिरतो, म्हणून सफरचंद-पेअरची छाटणी हिवाळ्यात करायची असली तरी कोरडे दिवस पाहूनच करावी. प्लम आणि चेरीला तर हिवाळ्यात करवत लावूच नये; सिल्व्हर लीफ नावाच्या बुरशीजन्य रोगाचे बीजाणू ओल्या थंड दिवसांत हवेत असतात, म्हणून त्यांची छाटणी उन्हाळ्यात, कोरड्या हवेत उरकावी. रोगट फांदी कापल्यावर हत्यार स्पिरिटने पुसल्याशिवाय पुढच्या झाडाकडे जाऊ नये.

मोठ्या जखमेवर मी बोर्डो पेस्ट लावतो आणि ती स्वतः करतो : एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना आणि एकूण दहा लिटर पाणी. मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या प्लास्टिकच्या किंवा मातीच्या भांड्यांत कालवून मग एकत्र करावेत, लोखंडी भांडे वापरू नये. तयार मिश्रणात लोखंडी सुरी क्षणभर बुडवून काढावी. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला आहे, तो वाढवावा. कालचे उरलेले मिश्रण आज वापरणे म्हणजे श्रम वाया घालवणे. डांबरासारखी जाड लुकणे मात्र टाळावीत, कारण त्यांच्याखाली ओलावा अडकतो आणि जखम आतून कुजते.

ऊन पडले म्हणून फवारणी

आठवडाभराच्या पावसानंतर दुपारी लख्ख ऊन पडते, वारा थांबतो, आणि बागवाल्याला वाटते की फवारणीला हाच मुहूर्त आहे. मधमाश्यांनाही तसेच वाटते. त्या पोट मोकळे करायला आणि पाणी आणायला याच दुपारी बाहेर पडतात, झाडांखालच्या फुललेल्या तणावर बसतात आणि पानांवरचे थेंब पितात. एकाच माणसाची बाग आणि त्याच माणसाच्या पेट्या असताना हे घडलेले पाहिले की बोलायला शब्द राहत नाहीत. फुलावर आलेले तण आदल्या दिवशी कापावे, फवारणी संध्याकाळी माश्या परतल्यावर करावी, आणि बहर असताना कीटकनाशकाला हातही लावू नये.

बाकीच्या किरकोळ, पण महाग चुका

स्कॅब रोगाची बुरशी गळलेल्या पानांवर हिवाळा काढते, म्हणून पाने गोळा करावीत, किंवा पानगळीच्या वेळी त्यांच्यावर ५ टक्के युरियाचे द्रावण फवारून ती लवकर कुजू द्यावीत. झाडावर वाळून लटकलेली फळे काढून टाकावीत. आच्छादन खोडाला टेकवू नये, वीतभर अंतर ठेवावे. टेकलेल्या आच्छादनाखाली साल ओली राहते आणि उंदीर तिथेच घर करून ती कुरतडतात. हेच उंदीर पेटीतही शिरतात, म्हणून पहिल्या गारठ्याआधी दाराला साधारण ९ मिलिमीटरच्या भोकांची पट्टी लावावी. माशी जाते, उंदीर जात नाही. पट्टी लावण्यापूर्वी उंदीर आधीच आत नाही ना, हे पाहावे. नत्रखत हिवाळ्यात देऊ नये, कारण ते मुळांना न मिळता पावसाबरोबर वाहून जाते.

मेलेली पेटी तशीच सोडणे

एखादी वसाहत गेलीच, तर दु:ख करत ती पेटी वसंतापर्यंत उघडी ठेवू नये. पहिल्या उबदार दिवशी शेजारच्या माश्या तिच्यातला मध लुटायला येतात आणि रोग असेल तर तोही घरी नेतात. दार लगेच बंद करावे आणि मग निवांतपणे आत पाहावे. पोळ्याच्या घरांत डोके खुपसून मेलेल्या माश्या आणि रिकाम्या चौकटी दिसल्या तर ती उपासमार आहे. भरलेला मध, बुरशी आणि ओला पुंजका दिसला तर झाकणाकडे पाहावे. मूठभर माश्या, राणी आणि भरपूर मध एवढेच उरले असेल तर संशय व्हॅरोआवर घ्यावा. नुसती बुरशी लागलेली पोळी फेकू नयेत. ती वाळवून ठेवून उबदार दिवसांत जोमदार वसाहतीला एकेक करून दिली, तर माश्या त्या साफ करतात. मात्र पिलाव्याच्या घरांची टोपणे खचलेली, भोके पडलेली असतील आणि काडी घालून ओढल्यावर आतून तपकिरी तार निघत असेल, तर त्या चौकटी कोणत्याही पेटीला देऊ नयेत. त्या रोगाचे बीजाणू पोळ्यात कित्येक दशके जिवंत राहतात, म्हणून जाणकाराला दाखवेपर्यंत ती पेटी फटी बुजवून, माश्यांना पोचता येणार नाही अशा ठिकाणी ठेवावी.